खालची नळी

"ही नव्हे," ग्लेन म्हणाला. "हिचा बाक उलट्या बाजूला आहे."

"मग गाडीच उलटी कर की!" ठेलेवाला म्हणाला. शेजारच्या दोघांनी हसून घेतलं. ग्लेनला हसू आलं नाही.

मिशिगनातल्या त्या मैदानावर सकाळपासून ढग खाली उतरले होते. चिखलात फळ्या टाकून जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे ठेले मांडले होते. ग्लेन ट्युटलच्या हातातल्या कागदी पिशवीत रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. सत्तर सालची शेव्हेल गाडी, मोठं इंजिन, रेडिएटरची खालची नळी. तुकड्यावर कारखान्याचा पांढरा शिक्का होता. पहिले चार आकडे शाबूत, पुढचे तीन नळीच्या उरलेल्या भागाबरोबर गेलेले. त्या तीन आकड्यांपायी त्यानं असे सहा बाजार पालथे घातले होते. नव्या बनावटीच्या नळ्याही आणून पाहिल्या. एक पंख्याला घासायची, दुसरी पोचायचीच नाही.

गाडी त्याच्या वडिलांची. हार्लन ट्युटल आता वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असत. जेवण आलं की जेवत, कोणी बोललं की मान हलवत. ग्लेनची आई होती तोवर सांगायची, की हा माणूस एके काळी गाडी चालवताना गळा काढून गायचा, सिग्नलला लोक वळून बघायचे. मग गाडी कोठारात गेली, तिच्यावर ताडपत्री पडली आणि गाणंही बंद झालं. ग्लेन तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला ते गाणं आठवत नव्हतं, आणि याचंच त्याला फार वाईट वाटायचं.

शेत विकायला काढलं तेव्हा ताडपत्रीखालून गाडी निघाली. त्यानं वडिलांना काही सांगितलं नाही. येत्या रविवारी ते ऐंशीचे होणार होते. त्या दिवशी गाडी गुरगुरत त्यांच्या खिडकीखाली नेऊन उभी करायची. मग बघू नुसती मान कशी हलवतात.

"शेवटच्या रांगेत झिमरकडे जा," ठेलेवाला आता जरा मऊ आवाजात म्हणाला. "त्याच्याकडे नसलेली नळी जगात नाही. पण जुना तुकडा बघितल्याशिवाय म्हातारा काही देत नाही. आणि असली उलटतपासणी घेतो म्हणतोस! सासरा परवडला."

ऑर्विल झिमरच्या ठेल्यावर लोखंडी हुकांना नळ्याच नळ्या लटकत होत्या. मागच्या खांबाला सायकलचं एक वाकलेलं चाक टांगलं होतं. त्यावर चिठ्ठी होती: विकणे नाही. असलं काहीबाही इथे प्रत्येक ठेल्यावर असतं.

"तुकडा?" म्हाताऱ्यानं नमस्कार-चमत्कार न करता हात पुढे केला.

ग्लेननं दिला. झिमरनं चष्मा कपाळावर चढवला आणि फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"जन्मभर हाच धंदा का तुमचा?" ग्लेननं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"छे. शाळेत गणित शिकवायचो. गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आमची लोईस गेली, एकुलती एक पोर. मग यात पडलो."

"वाईट झालं हो."

"हं. हे फाटलं कशानं?"

"हरीण. बाबा कामावरून घरी येत होते, हरीण आडवं आलं. पुढचा दिवाही फुटला."

"साल?"

"अठ्ठ्याहत्तर."

"नोव्हेंबर."

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"हरणं नोव्हेंबरातच आडवी येतात."

ते खरंच होतं. त्या मुलखात गाडीला हरीण धडकलं नाही असं घर सापडायचं नाही. कोणी त्यावर दुसरा प्रश्न विचारत नाही.

झिमरनं विचारला. "आणि मग गाडी?"

"कोठारात ठेवली, ती तिथेच. बाबांनी पुन्हा हात लावला नाही. फार जीव होता त्यांचा तिच्यावर."

"बाबा आहेत?"

"आहेत ना. रविवारी ऐंशीचे होतील." आणि मग ग्लेननं सगळंच सांगून टाकलं. ती खिडकी, ती हलणारी मान, कधी न ऐकलेलं ते गाणं. बायकोलाही त्यानं इतकं सांगितलं नव्हतं. म्हातारा स्टुलावर बसून ऐकत राहिला. "एवढी नळी मिळाली की झालं," ग्लेन म्हणाला. "मिळेल ना हो?"

"मिळाली," झिमर म्हणाला.

ग्लेनला वाटलं, म्हाताऱ्याला मिठीच मारावी.

झिमरनं टांगलेल्या नळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात फ्लॅनेलच्या फडक्यात एक तुकडा गुंडाळलेला होता. फडक्याच्या घड्या त्यानं एकेक करून उलगडल्या. तो तुकडा त्यानं ग्लेनच्या तुकड्याशेजारी ठेवला आणि हळूहळू सरकवला. फाटलेली कड फाटलेल्या कडेत बसली. आतल्या स्प्रिंगच्या तारेचं टोक टोकाला लागलं. चार आकड्यांपुढे तीन आकडे एका ओळीत आले.

"हीच!" ग्लेन ओरडला. "अहो, हीच ती! आमच्याच गाडीची! तुम्हाला कुठे सापडली?"

म्हाताऱ्यानं वळून मागच्या खांबाकडे पाहिलं.

"त्या चाकातून काढली," तो म्हणाला. "लोईस शाळेतून घरी येत होती."