मनातली फेक

"सर, माझ्या हाताखालच्या पोरीची मोठ्या शिबिरासाठी निवड झाली!" चपला काढता काढताच बाईंनी सांगून टाकलं.

म्हातारे सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. "ती भालाफेकवाली? मग आता दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जाणार म्हण की. पुढं लोक तिला त्याचीच शिष्या म्हणतील."

"म्हणू देत! भाला तर तीच फेकणार ना?"

बाई हसल्या खऱ्या, पण जुनी गोष्ट आठवलीच. बारा वर्षांपूर्वी हेच शिबिर त्यांच्या हातातोंडाशी आलं होतं आणि त्यांनीच माती खाल्ली. निवडीच्या दिवशी शेवटची फेक अशी लांब गेली म्हणता! पण पाय रेषेच्या पुढं. फेक बाद. सरांनी सहा वर्षं रक्त आटवलं होतं. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोललेच नव्हते.

आज बाई बोलल्या. "सर, तुमची माफी मागायचीय. रोज डोळे मिटून अख्खी फेक मनात बघायला लावायचात तुम्ही. धाव, खांदा, भाला रुततो ती जागासुद्धा. सगळं घोटून घेतलंत. आणि ऐन वेळी मला रेषेशिवाय काही दिसेना."

"धावायच्या आधी मी काय म्हटलं होतं?"

"जाऊ द्या ना, सर."

"सांग."

"'रेषा ओलांडू नकोस.'" बाई ओशाळल्या. "तुम्हीही माणूसच की. टेन्शनमध्ये गेलं तोंडातून. माझंच मन कच्चं."

सर खिडकीकडून बाईंकडे वळले. मग म्हणाले, "तुझ्या पोरींना पहिल्या दिवशी काय शिकवतेस?"

"तुमचंच. फेकणाऱ्याला ऐन वेळी 'अमुक करू नको' म्हणायचं नाही. मनाला 'नको' ऐकूच येत नाही, जे टाळायचं तेच डोळ्यांपुढं येतं."

"सहा वर्षांत किती वेळा मोडला मी तो नियम?"

"एकदाच, सर."

सरांचे डोळे भरून आले. बाईंना भारी वाईट वाटलं. उगाच जुनं उकरून काढलं! त्यांनी लगबगीनं सरांचा हात धरला. "अहो, चुकून होतं माणसाकडून. किती मनाला लावून घ्याल?"

"चुकून नव्हतं गं," सर म्हणाले. "तुला दुसऱ्याच्या हवाली करायला माझा जीव होईना."