कासविणीमागचा खोकला

समुद्राकाठच्या गावात वन्यजीव चित्रपटांचा महोत्सव भरला होता. दुपारच्या खेळात दादाची फिल्म लागली. दिग्दर्शक तो, आवाज माझे.

पडद्यावर कासवीण वाळूत सरपटत होती. तो आवाज मी बंद खोलीत, परातीतल्या ओल्या वाळूवर हातमोजे घासून केलेला. लाटासुद्धा मीच भरल्या होत्या. किनाऱ्यावरचा मूळ आवाज फिल्ममध्ये औषधालाही नव्हता.

तेवढ्यात कासविणीच्या मागून कोणीतरी दोनदा खोकलं, घसा दाबून.

"साफ करायचा राहिला वाटतं," शेजारी बसलेला दादा पुटपुटला.

"साफ काय करणार? मी खोकला भरलाच नव्हता."

असा खोकायचा आमचा धाकटा भाऊ, कॅमेऱ्यामागे. 'अजून एक शॉट,' म्हणत दादानेच त्याला भरतीत थांबवलं होतं. तो परत आला नाही. त्याचं नावही दादाने फिल्ममध्ये घातलं नाही. म्हणे, उगाच चौकशा होतात.

फिल्म संपली. टाळ्या घेत दादा मंचावर गेला.

"त्या किनाऱ्यावर मी एकटाच होतो," तो माईकवर म्हणाला आणि थांबला.

माईकमधून कोणीतरी दोनदा खोकलं.

दादाचे ओठ घट्ट मिटलेले होते.