पिवळा साका

नांदेडहून आलेल्या परीक्षकांनी शिवकांताचा पेपर बाजूला काढला आणि तिला प्रयोगशाळेत परत बोलावलं. बाकीची एकवीस पोरं केव्हाच कॅन्टीनच्या पत्र्याखाली जाऊन बसली होती. ती व्हरांड्यात एकटीच उभी होती. बारावी सायन्सला मुलगी ती एकच, आणि एकट्या मुलीनं कॅन्टीनला जायचं नसतं, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

"सात नंबरच्या बाटलीत काय होतं?" परीक्षकांनी विचारलं.

"पाणी, सर."

परीक्षकांनी कॉलेजच्या बिराजदार सरांकडे पाहिलं. बिराजदार सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं नळाजवळ घागरींची रांग होती आणि टँकरचा पत्ता नव्हता.

"एकवीस पोरांनी अल्कोहोल लिहिलंय. आयोडीन घातलं, सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, गरम केलं, पिवळा साका आला. सगळ्यांना आला. तुलाच कसा नाही आला?"

"मी बी तसंच केलं, सर. आयोडीनचा रंग गेला, पण पिवळं काही आलं न्हाई. तीनदा केलं. मग नुसतं हायड्रॉक्साइड घालून बघितलं, तर पांढरट गढूळ झालं. आपल्या बोअरच्या पाण्याचं होतंय तसं."

त्या वर्षीच्या दुष्काळात बोअरचं पाणी इतकं जड झालं होतं की डाळ शिजत नव्हती आणि साबणाला फेस येत नव्हता. अख्ख्या लातूरला ठाऊक असलेली ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पेपरात लिहिणारी मात्र ही एकटीच निघाली.

परीक्षकांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. अल्कोहोल काही वास लपवून बसणारं द्रव्य नव्हे.

"बिराजदार, हे काय आहे?"

"स्पिरिटला परमिट लागतं, सर," बिराजदार सर खालच्या आवाजात म्हणाले. "जिल्हा नवा झाला. आमची फाइल जुन्या जिल्ह्यात राहिली का नव्यात आली, कोणालाच माहीत न्हाई. सहा महिने झाले चकरा मारायलो. परीक्षा काय थांबती का?"

परीक्षा थांबली नव्हती. सरांनी सांगितलं म्हणून प्रयोगशाळेच्या शिपायानं, मलप्पानं, बाटलीत बोअरचं पाणी भरलं होतं. आणि त्या बाटलीत काय असायला हवं, ते शिरस्त्याप्रमाणे सकाळीच एकेका पोराच्या कानात सांगितलंही होतं. मलप्पा आता दाराशी उभा राहून कोरड्या फडक्यानं परीक्षानळ्या पुसत होता.

"मामा," शिवकांतानं विचारलं, "मलाच सांगितलं न्हाई?"

"माय, तुला कसं सांगावं?" मलप्पा कासावीस झाला. "पोरीच्या कानाला लागलो आसतो, तर पोरं काय म्हनली आसती?"

शिवकांताचे डोळे भरून आले. दोन वर्षं ती कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी उभी राहिली होती. पोरं एकमेकांची जर्नलं पळवायची, एकमेकांवर ओरडायची. तिच्यावर कधी कोणी ओरडलंसुद्धा नाही. चुकीचं का होईना, आज आपल्यालाही कोणी येऊन सांगायला हवं होतं, असं तिला फार वाटलं. एकवीस जणांच्या खोट्यातही तिला जागा नव्हती.

परीक्षक माणूस वाईट नव्हते. वाईट नसलेली माणसं करतात तसं त्यांनी आधी सगळ्यांचं भलं पाहिलं.

"हे बघ पोरी, एकवीस पोरांचं वर्ष आहे. या बिराजदारांची नोकरी आहे. मी तुला तीसपैकी अठ्ठावीस देतो. निरीक्षणाच्या रकान्यात तेवढी दुरुस्ती कर. पिवळा साका दिसला, एवढंच लिही. मग तू त्यांच्यासारखीच."

"आणि न्हाई लिहिलं तर?"

"तर तुझं उत्तर एकटीचं राहतं. एकटीच्या उत्तराला मी मार्क कसे देऊ?"

प्रॅक्टिकल गेलं की बारावी गेली, आणि बारावी गेली की गावी, औशाला परत. ते वडिलांनी आधीच बजावून ठेवलं होतं. पण मार्कांपेक्षाही तिच्या मनात रुतला तो 'त्यांच्यासारखीच' हा शब्द. दोन वर्षांत तिला असं कोणी म्हणालं नव्हतं.

तिनं पेपर घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. कॅन्टीनमधून पोरांचं हसणं ऐकू येत होतं. ती बराच वेळ नुसतीच पेन धरून उभी होती. मग तिनं एकटाकी लिहिलं आणि पेपर आणून परीक्षकांपुढे ठेवला.

"केली दुरुस्ती, सर."

आधीचं काहीच खोडलेलं नव्हतं. तीन वेळा काय दिसलं, ते जसंच्या तसं होतं. खाली त्याच नीट अक्षरात एक ओळ वाढली होती: 'चौथ्या वेळी, परीक्षकांनी सांगितल्यावर, पिवळा साका दिसला.'

परीक्षकांनी ती दोनदा वाचली आणि पेपर बिराजदार सरांकडे सरकवला. सर वाचत राहिले. एवढीशी ओळ, पण त्यांना बराच वेळ लागला.

"दुरुस्ती केली की बाजूला सही लागती, सर," शिवकांता म्हणाली. ती जागची हलली नाही. "दोघांची लागंल."

दोघांच्याही खिशाला पेन होतं.