उभ्याची पूजा
तपासून हात धुतल्यावर डॉक्टरांनी खुर्ची दाखवली, पण वीरभद्रप्पा उभ्याउभ्याच चुळबुळत राहिले. सकाळी त्यांच्या धोतरावर रक्ताचा डाग दिसला, तसं बायकोनं, सिद्धम्मानं, त्यांना झरीहून परभणीला ओढतच आणलं होतं. “भगंदर आहे. बसता येत नाही, हे कधीपासून?” “झाले असतील आठ-धा रोज.” भिंतीला धरून उभी असलेली सिद्धम्मा उसळलीच. “आठ रोज? दसऱ्यापासून लिंगपूजा उभ्यानं करायलेत! इचारलं तर म्हणले, लेकीला मूल व्हावं म्हणून नवस केलाय.” वीरभद्रप्पांची नजर दाराकडं पळाली. “असल्या जागेचं दुखणं घरात कसं सांगावं?” ते पुटपुटले. “आन् तुमच्या नवसापायी मी बी तवापासून पूजेला उभीच हाय! गुडघे पार गेले माझे.” वीरभद्रप्पांनी खुर्ची तिच्याकडं सरकवली. “बस.” तिनं खुर्ची परत ढकलली. “तुमाला बसता येईस्तोर न्हाई.”