हिरवाच आहे

ऑलिसने किल्ली खोचली तेव्हा शेजारी बसलेल्या रायलीने डोळेच मिटून घेतले. गाडी चालू होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तशी सोय तिनेच करून ठेवली होती.

शरदात डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, आता गाडी चालवायची नाही. ऑलिसने ऐकून घेतलं, घरी आला, कॉफी प्यायला आणि शेडमध्ये जाऊन जुन्या व्होल्व्होच्या बॅटरीला चार्जर लावला. दर वर्षी लावायचा तसाच. बर्फ वितळेपर्यंत गाडी शेडमध्ये आणि बॅटरी चार्जरवर, नाहीतर उत्तरेकडच्या कुहमो गावच्या थंडीत ती मेलीच म्हणून समजा.

रायलीने ते खिडकीतून पाहिलं. म्हणजे हा बाबा वसंतात पुन्हा गाडी काढणार! याच माणसाने नुकतीच शेजाऱ्यांची टपालपेटी उडवली होती आणि वर "काय गं वाजलं?" असं तिलाच विचारलं होतं. उद्या पेटीच्या जागी एखादं पोर असलं म्हणजे? बरं, तोंडावर सांगावं तर तेवढी छाती होईना. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. मुळात बोलका माणूस, पण डॉक्टरांकडून आल्यापासून मुका झाला होता. त्यात बायकोनेही 'गाडीला हात लावू नकोस' म्हटलं असतं, तर पार खचला असता.

मग तिने गुपचूप चार्जरचा प्लग काढून ठेवला. बॅटरी आपोआप मरेल, खापर थंडीच्या डोक्यावर फुटेल, कुणी कुणाला काही बोलायला नको.

दर शनिवारी सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली, तापायला ठेवून दोघं शेडमध्ये जायची. चार्जरवरचा एवढासा दिवा ऑलिसला दिसत नसे.

"लाल की हिरवा?" तो विचारायचा.

"हिरवाच आहे," विझलेल्या दिव्याकडे बघत ती सांगायची. आणि नंतर सौनात त्याची पाठ चोळताना तिला रडू यायचं. तिथे ते घामात खपून जायचं, एवढंच बरं होतं.

आता मात्र इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं.

रायलीने डोळे उघडले. शेडच्या उघड्या दारातून समोरचा बर्फ वितळलेला, कोरडा रस्ता दिसत होता.

"ऑलिस, बंद कर ती," ती म्हणाली. "प्लग मी काढला होता. सगळा हिवाळा तुझ्याशी खोटं बोलले मी. तुला नाही चालवता येणार आता. तुला दिसत नाही रे."

बोलून गेली आणि तिला हुंदका फुटला. ऑलिस स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "दिवा दिसत नसला तरी चार्जर गार पडलाय एवढं हाताला कळतं. रात्री लावायचो, सकाळी तू उठायच्या आत काढून ठेवायचो."

"परत काढायचास कशाला?"

"तू एवढा धीर करून काढलेला. म्हटलं, राहू दे."

तो उतरला. बॉनेट चाचपत गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला.

"सरक तिकडे."

"मी?"

"मग कोण? लग्नाआधी डेअरीची गाडी कोण हाकायचं? लायसन्स काय नुसतं त्यातल्या फोटोसाठी जपलंयस?"

"अरे, जमाना झाला त्याला! तूच कधी हात लावू दिला नाहीस."

"नाही दिला. चुकलंच माझं." तो दाराला धरून उभा होता. "इथे दुकान लांब, दवाखाना लांब, मुलीचं घर त्याहून लांब. माझ्या डोळ्यांपायी तू घरात कोंडून पडायचीस."

रायली जागची हलली नाही. "मग सगळा हिवाळा तू ती चार्ज करत होतास ते..."

"माझी गाडी त्या डॉक्टरांच्या खोलीतच संपली गं," तो म्हणाला. "ही तुझी जिवंत ठेवली."