अकराशे किलोमीटर

“विमानाचं अंतर अकराशे किलोमीटर,” अवयवदानाचं काम बघणाऱ्या बाई फोनवर सांगत होत्या. “हवेत एक तास पन्नास मिनिटं. इथून विमानतळ चाळीस, तिकडे उतरल्यावर पंचवीस. बसतंय वेळेत, पण जेमतेम.”

आयसीयूबाहेरच्या बाकावर मुलीचे आईवडील बसले होते. वडील लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. मुलगी तेवीस वर्षांची. तिचा मेंदू गेलाय, आता ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी काल दुसऱ्यांदा तपासून सांगितलं होतं. सकाळी दोघांनी सह्या केल्या. तिचं हृदय दुसऱ्या शहरातल्या कुणाला तरी बसवणार होते. काढल्यापासून चार तासांच्या आत ते तिथे चालू व्हायला हवं होतं.

ड्रायव्हर उठून बाईंजवळ गेले.

“चाळीस मिनिटं कुठल्या रस्त्यानं धरलीत?”

“पुलावरून. पोलीस सगळे सिग्नल मोकळे ठेवणार आहेत.”

“सिग्नलचं काय घेऊन बसलात, पुलाची एक बाजू खणून ठेवलीय. गोदामांच्या मागून जा. चार किलोमीटर जास्त पडतात, पण गाडी अडत नाही. बत्तीस मिनिटांत पोहोचते.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पोलिसांना फोन लावला. ड्रायव्हर शेजारी उभं राहून एकेक वळण सांगत गेले. शेवटी म्हणाले, “शाळेपुढे दोन गतिरोधक आहेत. तिथे हळू घ्यायला सांगा.”

फोन ठेवून बाई अवघडून म्हणाल्या, “कुठल्या शहरात जातंय ते मला सांगता येत नाही.”

“नका सांगू. पोहोचल्यावर तेवढं कळवा.”

एक वाजता दोन माणसं निळी पेटी घेऊन घाईघाईनं लिफ्टमध्ये शिरली. आई उठली, दोन पावलं पुढे गेली आणि परत येऊन बसली. खाली अँब्युलन्सचा भोंगा सुरू झाला. तो गोदामांच्या दिशेनं वळेपर्यंत ड्रायव्हर खिडकीशी उभे होते.

“बसनं किती लागले असते?” आईनं विचारलं.

“वीस तास. जेवणाला थांबून.”

“तिला गाडी लागते.”

“हो. विमानच बरं.”

मग नातेवाईक आले. कागद आले. कुणीतरी चहा आणून दिला, तो तसाच राहिला. मुलीला घरी कधी न्यायचं, यावर मामा आणि काका हळू आवाजात बोलत होते. ड्रायव्हर मान हलवत होते, पण फोन हातातून खाली ठेवत नव्हते.

चार वाजून दहा मिनिटांनी बाईंचा मेसेज आला. ‘हृदय वेळेत पोहोचलं.’

“काय म्हणतात?” आईनं विचारलं.

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं आणि फोन खिशात टाकला.

“पोहोचली,” ते म्हणाले.