शनिवारचं ताट

काटा एकोणनव्वदवर थांबला. परिचारिकेने वेतुरियाला खाली उतरवलं, पायातले मोजेही काढायला लावले आणि पुन्हा चढवलं. काटा हटला नाही.

वर्षापूर्वी तुम्ही चौऱ्याहत्तर होता, असं डॉक्टर कागद बघत म्हणाले. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. एवढ्या वजनाच्या बाईचं मूत्रपिंड भावासाठी काढायला इथे कुणी धजणार नव्हतं. वर्षभर थांबून मिळालेली पुढच्या महिन्याची तारीख त्यांनी तिच्यासमोर खोडली. शेतांच्या कापणीच्या आत अठ्ठ्याहत्तरच्या खाली आलात तर पुन्हा बघू, म्हणाले. तोवर भाऊ टिकेल का, हे तिने विचारलं तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"लवकर उतरवा," एवढंच ते म्हणाले.

बाहेर बाकावर साविन बसला होता. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेऊन रक्त धुवायचं, असं त्याचं तिसरं वर्ष चाललं होतं आणि चेहऱ्याला मातीचा रंग आला होता. तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. साविन हसला.

"मला मीठ नाही, मांस नाही, पाणीसुद्धा मापाने. माझ्या वाटचं तू खातेस ताई. घरातलं घरातच राहिलं."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला आणि ती सबंध रस्ता अंग चोरून बसली.

आधीचे बावीस किलो तिने याच्याचसाठी उतरवले होते. वर्षभर रोज पहाटे द्राक्षमळ्याचा चढ चढली. मक्याच्या मुटक्यावर साय घ्यायची ती ताकावर आली. लग्नांमध्ये नाचली, पण पंगतीला बसली नाही. काटा चौऱ्याहत्तरवर आला त्या दिवशी ती साविनच्या अंगणात गेली आणि जुना झगा दोन्ही हातांनी ताणून गिरकी घेतली. किती सैल झालाय बघ, म्हणाली. साविनने कौतुक केलं नाही.

"आई ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नव्हती, ताई."

तिने त्याला वेड्यात काढलं होतं.

आणि त्याच महिन्यात ताटं यायला लागली.

गावात शनिवार हा गेलेल्यांचा वार; त्यांच्या नावाने शेजाऱ्याला ताट द्यायचं, म्हणजे ते त्यांना पोचतं. शेजारची दोम्निका मावशी कुंपणापाशी आली. ताटात कोबीच्या पानांत गुंडाळून शिजवलेलं डुकराचं मांस, अक्रोड घातलेला गोड पाव, वर पेटती मेणबत्ती. मावशीने नाव पुटपुटलं. तिचा नवरा इलिए दोन हिवाळ्यांमागे गेला होता. देव त्याला क्षमा करो, असं म्हणून वेतुरियाने ताट दोन्ही हातांनी घेतलं. असं ताट कुणी परत करत नाही. परत केलं तर तो जीव वर उपाशी राहतो, आणि कोंबड्यांना टाकलं तर त्याहून वाईट. घरात ती एकटी. तिने डोळे मिटून खाल्लं.

पुढच्या शनिवारी पुन्हा ताट, त्याच्या पुढच्याही. ताटं भरत गेली. पण सगळा दोष ती मेलेल्या माणसाच्या माथी मारणार नव्हती. एकदा चाळवलेली जीभ कुठली ऐकते? ताट संपलं की तिचा हात आपसूक फडताळाकडे जायचा. झगा घट्ट झाला तेव्हा तिने तो पेटीत तळाशी घातला, आणि काटा पलंगाखाली सरकवला.

दवाखान्यातून आल्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी जकातदाराची गोष्ट गाऊन सांगितली. देवळात मागे उभा राहून, मान वर न करता, छाती बडवून दयेची भीक मागणारा तो पापी. बाबांचा सूर वर चढून कापत खाली आला. वेतुरिया एरवी गाणाऱ्या बायकांत पुढे उभी राहायची. त्या दिवशी दाराशी थांबली. देवा, भावाचं आयुष्य मी घासाघासाने खाल्लं, असं ती मनात म्हणाली, आणि डोळ्यांच्या धारा थांबेनात.

सोमवारी पहाटे ती पुन्हा चढाला लागली. गेल्या वर्षी गात गात माथा गाठायची. आज अर्ध्यावर मटकन बसली. बसल्या बसल्याच तिला कळलं की शनिवारचं ताट थांबल्याखेरीज हे सगळं पाण्यात जाणार. इलिएला उपाशी ठेवल्याचं पाप लागेल ते लागो. ती उठली आणि तडक दोम्निका मावशीकडे गेली.

मावशी चुलीपाशी अक्रोड फोडत होती. वेतुरियाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. एकोणनव्वद किलो, खोडलेली तारीख, कापणीची मुदत, सगळं.

"इलिएकाकाच्या नावाचं ताट मला नको, मावशी. त्याच्या पाया पडून सांगते. साविन मरेल गं."

मावशीचा हात थांबला. तिने ओट्यावरची टरफलं पदरात भरली, पुन्हा खाली ठेवली.

"इलिएचं मी चर्चच्या दाराशी वाटते," ती म्हणाली. "तुला कधीच दिलं नाही."

मग ती ताटं कुणाची, असं वेतुरियाने विचारलं.

"पीठ, अक्रोड, मांस, सगळं साविन आणून टाकतो. शपथ घातलीय त्याने. म्हणाला, ताई कापून घेतल्याशिवाय राहायची नाही, पण ताट काही परत करायची नाही." मावशीने डोळे पुसले. "मी म्हटलं, अरे, ताटावर नाव कुणाचं घेऊ? तर म्हणाला, माझंच घे."